पाय टेकतील अशी गाडी

शहापूरच्या त्या शोरूममध्ये पाऊल टाकलं, नव्या टायरच्या रबराचा वास नाकात गेला आणि माझं डोकंच फिरलं. अजून कोणी काही बोललंही नव्हतं. खरं तर दिवस आनंदाचा. माझ्या मुलीला, साक्षीला, तिची पहिली मोटारसायकल घ्यायला आम्ही आलो होतो. ती एसटीने पुढे येऊन दारात उभी होती, मी आणि आमचे हे जुन्या गाडीवरून मागाहून पोचलो. आत एसीचा गारवा, काचेच्या भिंती, गळ्यात टाय बांधलेला मुलगा हसत पुढे आलेला. मी मात्र दारातच थांबले. जागा हीच. तेव्हा काचा नव्हत्या, वर पत्रे होते आणि पायाखाली खडबडीत फरशी. वास मात्र तोच. वीस-बावीस वर्षांपूर्वी ह्याच वासात उभी राहून मी एक गाडी निवडली होती, अगदी मन लावून, आणि ती गाडी मला एका फेरीपलीकडे कधी चालवायला मिळाली नाही.

राग जुना झाला की मुरतो असं माणसं समजतात. माझा मुरला नाही, नुसता आंबला. बाहेर फुटपाथला लागून ती गाडी उभी होती, टाकीवरचा काळा रंग उडालेला, एका बाजूचा आरसा गेलेला. आज तिला एक्सचेंजमध्ये द्यायचं ठरलं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंच नसणार.

माझं माहेर मुरबाडकडचं, डोंगराच्या पायथ्याचं. भात झोडून झालं, पेंढा रचून झाला की आमची खाचरं मोकळी पडायची. जमीन तडकून कडक व्हायची आणि कापलेल्या भाताचे बुडखे अनवाणी पायाला टोचायचे. सकाळी त्यावर दव, दुपारी पेंढ्याचा उबट वास, संध्याकाळी बांधाबांधावर पेरलेल्या वालाचा हिरवा, कडवट वास. घरामागच्या त्या खाचरात माझ्या काकाने मला गाडी शिकवली. काका म्हणजे वडलांचा धाकटा भाऊ. मुरबाडच्या कारखान्यात कामाला होता आणि पहिल्या पाळीवरून आला की त्याच्या शर्टाला मशीनच्या तेलाचा वास यायचा. त्याची गाडी जुनीच होती. किक मारली की ती आधी खोकायची, मग थोडा वेळ विचार करायची आणि चालू व्हायची. त्या खोकण्याचा आवाज आला की मी हातातली भांडी तशीच टाकून पळायचे. आई ओरडायची, "अगो, राखेचे हात तरी धू!" मी राखेच्याच हातांनी क्लच धरायचे.

काकाचं शिकवणं त्याच्या गाडीसारखंच होतं, अडखळत सुरू होणारं. पहिले आठ-दहा दिवस त्याने मला गाडी चालू करूच दिली नाही. नुसतं बसायचं, उतरायचं. मधल्या स्टँडवर चढवायची, उतरवायची. बंद गाडी बांधाच्या चढावर मागे मागे ढकलत न्यायची. मी वैतागून म्हटलं, "काका, चालवायची कधी?" तो बांधावर बसून तंबाखू मळत होता. म्हणाला, "पयले पाय टेकव. दोन्ही. टाचा पण. गाडी कशी दिसते ते बाकीची लोकं बघतील, तुझे पाय टेकतात का ते तुलाच बघायला लागल." मग एकदा मी पडले. गाडी अंगावर आली नाही, पण आडवी झाली आणि पेट्रोल बुडख्यांवर सांडलं. काका जागचा हलला नाही. "उचल," म्हणाला. "मी हाय म्हणून मी उचलीन. मी नसलो तर? जी गाडी एकटीला उचलता येत नाय ती आपली नाय." मी रडत, शिव्या देत, पाठ लावून ती उचलली. त्या दिवशी हाताला लागलेला पेट्रोलचा वास रात्री जेवतानासुद्धा येत होता आणि मला तो भाकरीइतकाच आवडला.

डोक्यावर पेंढ्याचा भारा घेतलेल्या बायका बांधावर थांबून बघायच्या. हसायच्या. एखादी म्हणायची, "पोरगी बघ कशी चालली!" वाईट कोणी बोललं नाही. का बोलतील? घरामागचं खाचर म्हणजे काही कोणाचा रस्ता नव्हता. तिथे मी दुसरा गिअर टाकला, तिसरा टाकला, ओढणी कमरेला बांधून बांधाच्या कडेकडेने आठाचा आकडा काढला, तरी कोणाचं काही जात नव्हतं. डांबरी लागली की मात्र काका म्हणायचा, "उतर आता. दे इकडे." तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही, आता वाटतं. ज्याने मला एवढं सगळं शिकवलं त्यालासुद्धा डांबरीच्या कडेला माझ्या हातातलं हॅन्डल काढून घ्यावं लागत होतं, आणि त्याने ते दर वेळी घेतलं.

मग किन्हवलीकडचं स्थळ आलं. मुलगा उंच, बारावी शिकलेला, पडघ्याकडच्या गोदामात नोकरीला. बोलणी आमच्या ओटीवर झाली. मी आतून चहाच्या कपांवर बशा घालत सगळं ऐकत होते. मुलाचे वडील म्हणाले, "आमचं काय मागणं नाय हो. तुमच्या मुलीला तुमी काय द्याल ते द्या. फक्त हळदीला मांडवात एक गाडी उभी राहिली तर चार माणसांत बरं दिसतं." आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. गावजेवण हळदीला, नाच हळदीला, आणि मुलीकडच्यांनी काय दिलं तेही हळदीलाच मांडवात उभं करून दाखवायचं. कपाट, पलंग, आणि सगळ्यांच्या पुढे हार घातलेली गाडी. "मागणं नाय" हे शब्द आजही कोणाच्या तोंडून ऐकले की माझ्या कानाची पाळी तापते. मागा की सरळ! मागितलं तर निदान नाही म्हणायची सोय राहते.

बाबा बिचारे गाडीतलं काही जाणत नव्हते. त्यांना बैलाचे दात कळायचे. त्यांनी काकाला सांगितलं आणि काकाने हट्ट धरला की पोरगीपण येणार. "तिच्या घरात जाणार ना गाडी? मग तिला बघू दे." अशी चूक फक्त आमच्या घरात होऊ शकते. नवरदेवाला द्यायची गाडी नवरीच्या पायाच्या मापाने घ्यायची! पण काकाला ते अगदी सरळ वाटलं, मलाही वाटलं, आणि बाबांना आम्हा दोघांच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवलं नाही. त्या पत्र्याच्या शोरूममध्ये मी, बाबा, काका आणि मामा असे चौघं गेलो. मी साडी खोचून एकेका गाडीवर बसले. दुकानातला माणूस आधी हसला, मग गप्प झाला. मोठी लाल गाडी देखणी होती, पण टाचा अधांतरी. दुसरी खाली होती, पण जड. मागे ढकलताना कंबर धरली. तिसरी ही काळी, तांबड्या पट्ट्याची. बसले आणि दोन्ही तळवे फरशीवर पडले. हॅन्डल पूर्ण वळवलं तरी कोपर ताणलं नाही. स्टँडवर एका दमात चढली. मी काकाकडे बघितलं आणि त्याने मान हलवली.

मामा म्हणाला, "अगो, पण नवरदेव ताडासारखा उंच हाय. त्याचे गुडघे हॅन्डलला लागतील."

"लागू दे," काका म्हणाला. "दोघांतल्या एकाचे तरी पाय नीट पायजेत."

सगळे हसले, मीसुद्धा हसले. चाकाखाली लिंबू ठेवलं, कापूर लावला, हेडलाइटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. कापराचा आणि नव्या रबराचा वास एकत्र झाला होता. लग्न ठरलेल्या मुली दागिन्यांची, साड्यांची स्वप्नं बघतात म्हणे. मी त्या आठवड्यात स्वप्नात किन्हवली ते मुरबाड रस्ता बघत होते, डांबरी, कोणी उतर न म्हणणारा. आणि मी तो रस्ता हॅन्डल धरून, समोरून बघत होते.

हळदीच्या दिवशी सकाळी काका स्वतः ती गाडी चालवत नवऱ्याच्या गावाला घेऊन गेला. इकडे माझ्या अंगाला हळद लागत होती, धवलारीण लग्नाची गाणी म्हणत होती, करंज्या तळल्याचा वास मांडवभर पसरला होता, आणि तिकडे त्यांच्या मांडवात गाडीला हार घालून उभी केली होती. पुढे तीन दिवसांनी नणंदेने मला सांगितलं, अगदी गोड हसून, "वहिनी, तुमच्या घरच्यांनी गाडी जरा लहानच दिली ना." नवी नवरी बोलते कुठे? गाडीची निवड माझी, पैसे बाबांचे, नाव ह्यांचं आणि लहान ठरलो आम्ही.

पहिले काही महिने मी वाट बघितली. किल्ली ओटीवरच्या खिळ्याला असायची. एकदा हे सुट्टीच्या दिवशी शेतावर गेले होते आणि सासूबाईंना खळ्यात वाल वाळत घालायचे होते. गाडी नेमकी मधे उभी. सासूबाई म्हणाल्या, "ही आता कोण हलवील?" मी खिळ्यावरची किल्ली घेतली. ढकलून बाजूला करता आली असती. मी किक मारली. पहिल्याच किकला चालू झाली ती, आणि मग माझ्याने राहवलं नाही. खळ्यातून बाहेर, वाडीतून, मारुतीच्या देवळापर्यंत गेले आणि तिथून वळून परत आले. केवढासा तो रस्ता. पण डांबरी होता, आणि माझे पाय टेकत होते. देवळाच्या पायरीवर बसलेली माणसं बोलायची थांबली. परत येऊन मी गाडी नीट सावलीत लावली आणि सूप घेऊन सासूबाईंबरोबर वाल पसरायला बसले. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चार माणसं होती का गो देवळाजवळ?"

संध्याकाळी हे आले. रागावतील म्हणून मी तयारीत होते, उत्तरं जुळवून ठेवली होती. ह्यांनी एक शब्द काढला नाही. जेवले, हात धुतले, ओटीवर गेले आणि खिळ्यावरची किल्ली काढून खिशात टाकली. बस, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून खिळा रिकामा. आरडाओरडा केला असता तर मीही केला असता, कदाचित त्यातून काही निघालं असतं. न बोलता काढून घेतलेल्या गोष्टीशी भांडायचं कसं ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

आणि माणूस वाईट नाही, हाच तर संताप! दारू नाही, मारझोड नाही, माझ्या दुखण्यात रात्र रात्र उशाशी बसलेले. अशा माणसावर रागावलं तर जग आपल्यालाच वेडी ठरवतं. दुसऱ्या वर्षी गुडघे दुखतात म्हणून ह्यांनी सीटमध्ये वरून फोम भरून घेतला. मला विचारलं, "उंच केली तर तुला बसायला त्रास नाय ना?" मी म्हटलं, नाही. मागे बसणारीला उंचीचं काय? पुढे दर दोन-तीन वर्षांनी जुन्या कव्हरवर नवं कव्हर, जुन्या फोमवर नवा फोम चढत गेला.

ह्या तालुक्याचे सगळे रस्ते मी एकाच अंगाने बघितले आहेत. साडी नेसून, एका बाजूला पाय सोडून बसलं की डावीकडचं काय ते दिसतं, समोर ह्यांची पाठ. शेणव्याला एक भजीवाला आहे. तळणीचा वास मला येताजाता दोन्ही वेळा येतो, पण कढई मी फक्त जाताना बघितलेली. माहुलीचा डोंगर फक्त परतताना दिसायचा. वैशाखात शेताशेतांतून राब भाजलेले असायचे, पालापाचोळा आणि शेण जळाल्याचा तो उग्र धूर डोळ्यांत जायचा आणि मी पदर नाकाला लावून डावीकडची काळी पडलेली खाचरं मोजत बसायचे. पुढे खड्डा आहे हे मला तो बसल्यावर कळायचं. कधी मांडीवर साक्षी, कधी दोघांच्या मधे तांदळाची पिशवी. गौरीला माहेरी जाताना, काका गेल्याचं कळलं तेव्हा जाताना, सगळीकडे मी अशी आडवी गेले. काकाच्या वेळी तर मला वाटत होतं की हाताने ह्यांना बाजूला सारावं आणि हॅन्डल धरावं. रस्ताभर मला रडू आलं नाही, इतका राग आला होता.

गेल्या वर्षी साक्षीला लायसन काढायचं होतं. मी म्हटलं, माझंही काढू. हे हसले. "काढ गो, कागद असला म्हणून काय बिघडतंय." परीक्षेच्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलच्या खटारा गाडीवर मी आठाचा आकडा काढला, पाय न टेकवता. साक्षी टाळ्या वाजवत होती. घरी आल्यावर लायसन कपाटात गेलं, आधार कार्डाच्या शेजारी.

तर मी शोरूमच्या दारात उभी होते. साक्षी मला आत ओढत म्हणाली, "आई, काय झालं? चल ना." तिला मुरबाडला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली आहे. सकाळची पाळी आणि एसटीचा नेम नाही. कधी येते, कधी शाळेच्या पोरांनी भरलेली न थांबता पुढे निघून जाते. दोनदा ती उशिरा पोचली आणि तिसऱ्यांदा उशीर झाला तर येऊच नकोस असं तिला सांगण्यात आलं आहे. गाडी मिळाली तर नोकरी राहणार, नाहीतर ती घरी बसणार, आणि घरी बसलेल्या मुलीचं आमच्याकडे पुढे काय होतं ते मी सांगायला नको.

टायवाल्या मुलाने साक्षीकडे बघितलंच नाही. ह्यांना म्हणाला, "सर, कोणासाठी बघायची?" हे म्हणाले, "मुलीसाठी," आणि सरळ चालत गेले ते कोपऱ्यातल्या मोठ्या गाडीकडे. निळी, टाकी फुगलेली, मागची सीट वर उचललेली. साक्षी माझ्याहून दोन बोटंच उंच. ती त्या गाडीवर चढून बसली तेव्हा तिच्या चपलांची फक्त टोकं फरशीला लागत होती आणि टायवाला मुलगा पुढून हॅन्डल धरून उभा होता.

"पप्पा, उंच आहे," ती म्हणाली.

"सवय होईल. तोवर मी चालवीन ना. तुला सकाळी सोडीन, संध्याकाळी आणीन. तू शिक हळूहळू." गोदामाची नोकरी सुटल्यापासून हे घरची शेती बघतात, त्यांना वेळ आहे. मग ते माझ्याकडे वळले आणि आवाज जरा खाली आणून, समजूतदारपणे म्हणाले, "घेतोच आहोत तर चांगली मोठी घेऊ. म्हंजे पुढंमागं जावयाला पण चालेल. मांडवात पुन्हा दुसरी घ्यायला नको."

ह्यावर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा तरी वाटला.

"जावई? कोण जावई? नाव सांगा त्याचं. उंची सांगा."

"अगो, हळू बोल. माणसं बघतात."

"बघू दे! जो माणूस अजून दारात आला नाय त्याच्या पायांचं माप घेतलंत तुमी. आणि ही समोर लोंबकळतेय, हिचे पाय दिसत नाय तुमाला?"

टायवाल्या मुलाने हॅन्डल सोडलं आणि तो गिऱ्हाईक नसलेल्या बाजूला निघून गेला. साक्षी गाडीवरून उतरली. ह्यांचा चेहरा पडला होता. मला माहीत आहे तो चेहरा, आपण चांगलं करायला गेलो आणि आपल्यालाच ओरडा बसला असा.

"मी तुला काय कमी केलं आजपर्यंत?" ते म्हणाले. "एवढी चिडतेस ती?"

"किल्ली," मी म्हटलं.

"कसली किल्ली?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना आठवतच नव्हतं. वीस-बावीस वर्षं मी ज्या रिकाम्या खिळ्याकडे बघून केर काढला, सडा घातला, मूल वाढवलं, तो खिळा ह्यांच्या लेखी नव्हताच. मुद्दाम केलं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. सहज केलं, आणि विसरूनही गेले. त्या एसीत माझ्या अंगाला घाम सुटला होता. ह्याच्यापुढे आधीचा राग काहीच नव्हता.

"साक्षी," मी म्हटलं, "एकेका गाडीवर बस. दोन्ही टाचा टेकल्या तरच पुढचं बोल. बंद गाडी मागे ढकलून बघ. स्टँडवर चढव, एकटी. कोणाला हात लावू देऊ नकोस."

लेकरू बसलं. एकेकीवर, न लाजता. टायवाला मुलगा परत आला आणि आता तिच्याशी बोलू लागला, मायलेज सांगू लागला. तिने त्यालाच उलट विचारलं, "वजन किती? खड्ड्यात पडली तर मी उचलणार ना." मी हे तिला शिकवलं नव्हतं, तिने मनानेच काढलं. शेवटी एक साधी, कमी ताकदीची गाडी तिने तिसऱ्यांदा स्टँडवर चढवली आणि म्हणाली, "ही." पाय पूर्ण टेकत होते. रंग मात्र असा पोपटी की बघवेना. दुसरा रंग उपलब्ध होता. तिला हाच हवा होता. रंग तिचा, पाय तिचे. हे खुर्चीत बसून मोबाइलकडे बघत होते. साक्षी त्यांच्यापुढे जाऊन म्हणाली, "पप्पा, बुक करू?" त्यांनी मान हलवली. गाडी नंबरप्लेट आल्यावर मिळणार होती.

मग दुसरा एक माणूस आला, जुनी गाडी बघायला. बाहेर जाऊन त्याने तिच्याभोवती एक फेरी मारली, चाक पायाने दाबलं. "साहेब, भंगारातच जाईल. पण करून देतो काहीतरी. किल्ली द्या."

ह्यांनी खिशातून किल्ली काढली. मी मधेच हात पुढे केला.

"ती नाय द्यायची," मी म्हटलं.

"मग तिला काय करायची? घरात शोभेला?" ह्यांचा आवाज आता थकलेला होता.

"मी चालवणार."

"आणि मी?"

"चालवा की तुमीपण. मला विचारून."

ह्यांनी बराच वेळ किल्ली धरून ठेवली. ते साक्षीकडे बघत होते. ती त्यांच्याकडे न बघता पावती घडी करून पर्समध्ये ठेवत होती. मग त्यांनी ती माझ्या हातात टाकली. दिली नाही, टाकली. मला तेवढं पुरलं. एसटीची वेळ झाली म्हणून साक्षी निघाली. जाताना तिने माझा दंड दाबला.

मी गाडीवर बसले आणि माझे पाय टेकेनात. टाचा अधांतरी, बोटांवर तोल. ज्या गाडीवर माझे दोन्ही तळवे फरशीला लागले होते, तीच गाडी ह्यांच्या मापाची झाली होती, थरावर थर चढत. रस्त्यापलीकडे एक सीट-कव्हरवाला बसतो. मी उतरून गाडी ढकलत रस्ता ओलांडला. हे मागून हेल्मेट हातात घेऊन आले. सीट-कव्हरवाल्याने विचारलं, "नवीन कव्हर घालू का? डबल फोमवालं आलंय."

"काढायचं हाय," मी म्हटलं. "सगळं. खालचं मूळचं लागेपर्यंत."

त्याने पिना उपसल्या, कव्हर सोललं. त्याखाली दुसरं निघालं, वाघाच्या पट्ट्यांचं, मग एक तपकिरी. कापलेल्या फोमचा कुबट, घामट वास रस्त्यावर पसरला. लांब सुरीने तो पिवळे पडलेले तुकडे कापून गटाराच्या कडेला टाकत होता. हे खांबाला टेकून ते बघत होते. एकदा म्हणाले, "माझे गुडघे दुखतात गो." मी म्हटलं, "माहीत हाय." खालची काळी सीट जागोजाग चिरलेली होती, पण ती तशीच बसवायला सांगितली.

मी बसले. दोन्ही तळवे डांबरावर पडले. हात पुढे केला आणि म्हटलं, "हेल्मेट." ह्यांनी दिलं. डोक्याला ढगळ होत होतं, मी पट्टा ओढून घट्ट केला. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली.

"बसताय," मी विचारलं, "का एसटीनं येताय?"

समोर चहाच्या टपरीवर किन्हवलीची दोन ओळखीची माणसं होती, ती आमच्याकडेच बघत होती. ह्यांनीही त्यांना बघितलं होतं. मग त्यांनी पाय टाकला आणि मागे बसले. त्यांच्या वजनाने गाडी खाली दबली, माझे तळवे आणखी घट्ट बसले. मी आरसा, होता तो एकच, माझ्या डोळ्यांच्या उंचीला वळवून घेतला. त्यात ते दिसत होते. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. आधी स्वतःच्या मांडीवर ठेवले, मग सीटच्या कडेला, मग माझ्या खांद्याजवळ आणून परत मागे घेतले.

मी सांगितलं नाही. गिअर टाकला आणि क्लच सोडला.